न धुवायचा दगड

मी, खनिजशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, अविवाहित, वय वर्षे एकोणऐंशी, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला असून माझ्या थोरल्या बंधूंनी तो दोनदा वाचावा. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, द्यावी. यात बंधूंचा काडीचाही हक्क नाही. दगडधोंड्यांपायी मी आयुष्य वाया घालवले, असे ते जन्मभर ऐकवत आले. तेव्हा दगडधोंड्यांच्या कमाईचे घर त्यांच्या गळ्यात मारणे मला बरे दिसत नाही. त्यांना आरामखुर्ची द्यावी. आले की ते तिच्यात बसत आणि उठायचे नाव घेत नसत.

२. हातोडी, छिन्नी, भिंग आणि विषारी वायूसाठीचा मुखवटा मी जिथे नोकरी केली त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना द्यावा. मुखवट्याचा पट्टा सैल झाला आहे, तो आधी बदलावा.

३. कपाटातील काचेची नळी. हिच्याबद्दल नीट सांगणे भाग आहे, कारण संस्थेशी माझे भांडण हिच्यावरूनच आहे.

नळीत नखाएवढा काळपट तांबडा स्फटिक आहे. लोखंड आणि क्लोरीन यांचा हा क्षार, नाव मॉलिसाइट. ज्वालामुखीच्या तोंडाशी फटींतून तापलेले वायू बाहेर पडतात, त्यांतून तो थेट खडकावर धरतो. तिथल्या धगीत तो सुखात असतो. खाली आणला की हवेतला ओलावा पिऊ लागतो आणि बघता बघता त्याचे पिवळट तपकिरी पाणी होते. म्हणून तो फारसा कोणाच्या हाती लागत नाही.

माझ्या हाती लागला. पहिला नमुना मी संस्थेत आणला तेव्हा विभागप्रमुख म्हणून जे साहेब होते, त्यांचा दंडक असा, की आलेला प्रत्येक दगड आधी धुवायचा, मग नोंदवायचा. हवाबंद डबीवर मी ठळक अक्षरांत ‘धुऊ नये’ लिहिले होते. मी जेवायला गेले तेवढ्यात साहेबांनी तो एनॅमलच्या पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात सोडला. मी परतले तर ट्रेमध्ये नुसते पिवळे पाणी. साहेब हात पुसत म्हणाले, “बाई, दगड असता तर राहिला असता. गंज उचलून आणलात तुम्ही.” अहवालातही त्यांनी तेच लिहिले. पुढे निवृत्त होईपर्यंत मी संस्थेत ‘गंजबाई’ होते.

मी रडले नाही, पेटले. रजा टाकून बहिणीला घेतले आणि पुन्हा ज्वालामुखीवर गेले. ती शाळेत गाणे शिकवायची. दगडातले तिला ओ की ठो कळत नव्हते. मुखवट्याआड खोकत, हातात कोरडी बाटली धरून ती त्या वाफेत उभी राहिली. स्फटिक बाटलीत पडला आणि मी तो बघत बसले, तशी ती ओरडली, “ताई, कौतुक नंतर कर, आधी झाक.” तिच्यामुळे तो वाचला. खाली आल्यावर काचकाम करणाऱ्या गृहस्थांनी तो या नळीत कायमचा बंद केला. साहेब म्हणाले, फोडा, धुवा, मग नोंदवतो. मी नाही म्हटले ते नाहीच.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका प्रयोगशाळेने काचेतूनच प्रकाश टाकून तो तपासला आणि माझे म्हणणे खरे ठरले. लगेच संस्थेला नळी हवीशी झाली. दिवंगत साहेबांच्या नावाच्या दालनात, ‘साहेबांच्या मार्गदर्शनाखाली सापडलेला नमुना’ अशा पाटीखाली. सध्याचे प्रमुख घरी येऊन मला समजावत होते, “मॅडम, आता कशाला जुनं उकरून काढता? साहेब तर गेले.”

मी म्हटले, “साहेब गेले. ट्रे आहे.”

पहिला नमुना विरघळला त्याच दिवशी तो मी घरी आणला होता. तळाशी तपकिरी डाग अजून आहे.

४. अट. नळी संस्थेला द्यावी, पण पाटीवर दोनच नावे असावीत, माझे आणि बहिणीचे. शेजारी तो ट्रे ठेवून पहिला नमुना कसा गेला तेही लिहावे. यातला एक शब्द जरी बदलला, तर भाचीने त्याच दालनात, साहेबांच्या तसबिरीसमोर, सगळ्यांच्या देखत नळी त्या ट्रेमध्ये फोडावी.

बाळ, हातमोजे घाल, वास घेऊ नकोस आणि मागे सरकून उभी राहा. तो विरघळेल. विरघळू दे. तुझ्या आईने जीव धोक्यात घालून धरलेला दगड खोट्या पाटीखाली शाबूत राहायला नको. मग ट्रे घरी आण. आणि खबरदार, घासलास तर.

सही : गंजबाई. खाली कायदेशीर सही वेगळी केली आहे.

साक्षीदार पहिले : काचकाम करणारे गृहस्थ. नळी मी बंद केली होती, आज पुन्हा पाहिली, असे त्यांनी सहीशेजारी लिहिले आहे.

साक्षीदार दुसऱ्या : शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई.

स्थळ : माझे स्वयंपाकघर.
दिनांक : चौदा जुलै. हवा दमट. नळी कोरडी.