अण्णाच्या नावावरचं खातं

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सोमअण्णा,

नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत. गेल्या रविवारी नेसरीला जाऊन तुझ्या आईला भेटून आले. गुडघा सोडला तर माझी ही मोठी आई, दोड्डव्वा, ठणठणीत आहे. पुण्यात तूही बरा असशील. फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहितेय. कागद ब्लॉक करता येत नाही की!

अण्णा, मला दिल्लीला बोलावलंय! मोबाईलच्या ॲप स्टोअरचं कमिशन आणि नियम छोट्या ॲपवाल्यांवर अन्याय करतात का, याची चौकशी करणाऱ्या समितीपुढं! आपल्यासारख्यांच्या बाजूनं तिघं बोलणार, त्यातली एक मी. पत्र वाचून मी अशी ओरडले की तालमीतले पैलवान जिना चढून वर आले. आपल्या ॲपवर पेठांच्या फुटबॉलचं समालोचन करायचे ते बाळासो मास्तर तर माईक नसताना सुरू झाले, "पावणं, ऐका! पेठेचा बॉल निघाला थेट दिल्लीच्या गोलाकडं!"

तुझंमाझं भांडण आठवतं? तू म्हणायचास, "दुकान त्यांचं हाय. चोरटी ॲपं तेच हाकलत्यात, पैसे सुखरूप पोचवत्यात. मग वाटा घेणारच की." मी म्हणायची, दुकान त्यांचं, कबूल, पण लोकांच्या फोनपर्यंत जायला दुसरी वाट आहे कुठं? आपण शंभरातले तीस मोजायचे, आणि त्यांचं स्वतःचं खेळाचं ॲप आपल्या शेजारी बसून एक पैसा देत नाही. रेफरी तेच आणि स्ट्रायकरही तेच? हे मी तिथं ठणकावून सांगणार आहे. तुझं म्हणणंही सांगणार आहे, कारण ते अगदीच चुकीचं नव्हतं.

हे सगळं भराभर लिहून झालं. आता अवघड ते लिहिते.

समितीला प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. त्यात एक प्रश्न होता: तुमचं ॲप का काढलं गेलं? तुला कारण माहीत आहे. ॲपमध्ये एक लिंक सापडली. तिच्यावरून लोक आपल्या वेबसाईटवर जाऊन थेट वर्गणी भरत होते, आणि नियमात ते बसत नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणून खातं तुझ्या नावावर. स्टोअरच्या कंपनीनं सगळं खातंच बंद केलं, आणि त्याच्याबरोबर तुझा मराठी-कन्नड शब्दकोशही गेला. चार वर्षं तू आठवडी बाजारात बायकांच्या शेजारी बसून ते शब्द टिपलेले.

तू त्यांना अकरा अर्ज केलेस. "आम्ही असं काही केलेलं नाही." त्या अर्जांचं इंग्रजी मी तुझ्या शेजारी बसून सुधारत होते.

ती लिंक मी टाकली होती, अण्णा. अंतिम सामन्याच्या सकाळी, तुला न विचारता. तू विचारलंस, "पवी, तू केलंस काय?" आणि मी तुझ्या डोळ्यात बघून "न्हाय" म्हटलं. तुला तेव्हाच कळलं असावं. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस.

आमच्या वकील ऋताताई म्हणाल्या, "खात्यातून नियम मोडला गेला, एवढंच लिहा. कोणी मोडला ते विचारणार नाहीत." मी माझं नाव लिहिलं. आता तिघांतून मला वगळणार, असं धरूनच चालले होते. पण ते वाचून ताई खुर्चीतून उठल्याच. "अहो, एकीनं चूक केली म्हणून दुसऱ्याचा शब्दकोश का गाडला? हाच तर खरा प्रश्न!" आता आमच्या बाजूचा पहिला प्रश्न तोच आहे. मला इतका आनंद झाला की नाचावंसं वाटलं. मग त्या आनंदाचीच लाज वाटली.

शब्दकोश परत मिळेल असं कुणी सांगितलेलं नाही. खोटी आशा लावत नाही.

सुनावणी तीन मार्चला आहे. तुझ्यासाठी वेगळा वेळ मागितला होता, तो मिळालाय. ये. कंपनीच्या विरोधात बोल, नाहीतर तिच्या बाजूनं बोल. माझ्या विरोधात बोलायचं असेल, तर तेही भर सभेत बोल. मी समोर बसून ऐकेन. मध्ये तोंड घालणार नाही.

तुझं नाव न विचारता पणाला लावणारी,
आणि तरी तुझीच बहीण,
पवित्रा