न जोडलेले ठिपके

जे. पी. नगर, बेंगळुरू
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय अण्णा,

वाचनालयातल्या प्रमोदिनीबाईंशी लग्न करू का, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी म्हटलं, कुकरची शिट्टी होतेय. शिट्टी खरंच होत होती. पण गॅस बंद केल्यावरही मी परत फोन केला नाही, हेही खरं. फोनवर मला वेळ मारून नेता येते, कागदावर तेवढं जमत नाही, म्हणून हे पत्र.

आधी इथली गंमत सांगते. आमच्या इमारतीत संक्रांतीला रांगोळी स्पर्धा होती. मी ठरवलं, अणू काढायचा, तुम्ही निपाणीच्या शाळेत नववीला शिकवायचात तसा. पहिला डाल्टनचा, नुसता भरीव गोळा. लोकांनी सूर्य म्हणून कौतुक केलं. दुसरा थॉमसनचा. त्यासाठी तुम्ही आईने केलेला रव्याचा लाडू वर्गात न्यायचात. लाडू म्हणजे धन भार, बेदाणे म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि तास संपेपर्यंत अणू शिल्लक नसायचा. मग रदरफोर्डचा. सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडलेले कण बहुतेक आरपार गेले, मोजकेच उलटून आले. म्हणजे मध्ये इवलंसं जड केंद्र आणि बाकी मोकळी जागा. बोरच्या ठरलेल्या कक्षा मी बांगड्या टेकवून काढल्या. शेवटी आजचा अणू. केंद्राभोवती नुसते ठिपके, आत दाट, बाहेर विरळ. इलेक्ट्रॉनच्या वाटेची रेघ काढताच येत नाही, एवढंच दाखवायचं होतं.

हात धुऊन येते तो खालच्या मजल्यावरच्या कावेरीअक्कांनी ठिपके जोडून टाकलेले. त्यांच्या घरी ठिपके सुटे ठेवत नाहीत. “स्वल्प राहिलं होतं गं, मी पुरं केलं,” म्हणाल्या. कमळ सुरेख झालं होतं. मी समजावलं, तो कण कुठे सापडेल याचा फक्त अंदाज बांधायचा असतो. “सरी, कळलं,” त्या म्हणाल्या, “म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं. दूध आणायला जातात आणि सापडतात बुद्धिबळाच्या कट्ट्यावर.” उत्तेजनार्थ म्हणून आम्हा दोघींत मिळून एक स्टीलचा डबा मिळाला. सध्या तो त्यांच्याकडे आहे.

हे डायरीत लिहिताना हसत होते, मग हात थांबला. आई गेल्यापासून मीही तुमच्या दिवसाचे ठिपके असेच जोडत आले. सकाळचं फिरणं, पेपर, शिकवणी, आईच्या फोटोला फूल. त्यातलं काही खोटं नव्हतं. पण संध्याकाळचा चहा तुम्ही कोणाबरोबर घेता, हे मी कधी विचारलंच नाही. आता हे लिहून मी स्वतःला मोठ्या मनाची ठरवतेय का, अशी शंका येते. कारण आईची जागा वगैरे शब्द अजून मनात येतात. थोडं टोचतं. ते लपवत नाही.

पण रांगोळी काढताना पहिले चार अणू पुसावेत असं मला एकदाही वाटलं नाही. तुम्हीच फळ्यावर पाचही शेजारी शेजारी ठेवायचात. नवं दिसलं की नवं चित्र काढायचं, जुनंही राहू द्यायचं. तर अण्णा, करा लग्न. साक्षीदारांत माझं नाव घाला, मी आदल्या दिवशी येते. लाडू मी आणीन, आईच्या पद्धतीचे. प्रमोदिनीबाईंना बेदाणे चालतात ना, तेवढं विचारून ठेवा.

उत्तराला उशीर केलेली, तरी तुमचीच,
सुचेता