प्रस्तावित घोटावडे स्थानक

३ नोव्हेंबर, सोम.
घोटावड्याचा फलाट आज पुन्हा उखडला. वळणावर डब्याची मागची बाजू कडेला घासते. फलाट मागे घ्यावा तर इतकी फट पडते की माझी नखाएवढी माणसं तिच्यात पडतील.
आमच्या छोट्या रेल्वेच्या मंडळातल्या विनयचा फोन. मंडळाचं प्रदर्शन डिसेंबरात. प्रत्येकाने आपापली टेबलं आणायची, रुळाला रूळ जोडायचा, गाडी सगळ्यांच्या गावांतून फिरवायची. माझ्या वाट्याला पुणे-मुळशी लोकल. जी नाही, आणि माझ्या हयातीत होणारही नाही. म्हणून तर मजा. भूगाव स्टेशन झालं (नुसते फ्लॅट, पुठ्ठा संपला). मुळशी शेवटी.
शुभाने घरात थर्माकोलचा भुगा बंद केल्यापासून घोटावड्यात हिराबाईंची खोली भाड्याने घेतली आहे. खिडकीतून त्यांचं खाचर दिसतं. भात कापून झालाय.

६ नोव्हेंबर
नकाशा पुरा करून भिंतीला लावला. ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य गेलं, हात सुटत नाही. उत्तर दिशा, गट नंबर, कोपऱ्यात चौकट: 'प्रस्तावित घोटावडे स्थानक', तारीख, सही. ओढा, बांध, विहीर उपग्रहाच्या चित्रावरून उचलली, सगळं जागच्या जागी. गाडी खोटी असली तरी जमीन खरी पाहिजे.
दुपारी हिराबाईंचे दीर किसनराव डोकावले. बराच वेळ बघत उभे. मग बोट ठेवून, "ह्ये वहिनीचं खाचर न्हवं?"
मला काय आनंद! म्हटलं, बरोबर ओळखलंत, दोन नंबरचा फलाट तिथेच येतो. फोटो काढू का म्हणाले. काढा की. आपलं काम कुणाला आवडलं की मी चहासुद्धा पाजतो. पाजला.

९ नोव्हेंबर, रवि.
नाक्यावर चहाला थांबलो तर गप्पा बंद. एकाने खुर्ची रिकामी करून दिली. दुसऱ्याच्या मोबाईलवर माझा नकाशा! कडा कापलेल्या, खेळण्याचं माप सांगणारं 'प्रमाण १:८७' गायब, 'प्रस्तावित' मात्र ठसठशीत.
सांगितलं की हा खेळ आहे, टेबलावरची गाडी आहे. सगळे हसले. "सायेब लोकं असंच म्हन्त्यात."
त्यात परवा कुणा बिल्डरची माणसं तिपाई लावून मोजणी करून गेली म्हणे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. शुभाला सांगितलं तर म्हणाली, "चला, एवढ्या वर्षांत प्रथमच कुणीतरी तुमचं ड्रॉइंग मन लावून वाचलं."

११ नोव्हेंबर
बाळू आला. जमिनींची दलाली करतो. पांढरी गाडी, पांढरे बूट, बोलणं गोड. पिरंगुटला स्टेशन कुठे येतंय ते हवं होतं. येत नाही म्हटलं.
"बरं, न्हाई येत. तुमी फकस्त गप ऱ्हावा. लोकांना खेळ हाय, गाडी हाय, असलं कायबाय सांगत नका फिरू."
जाताना स्कूटरच्या सीटवर हात ठेवून म्हणाला, "रोज एकलंच येता व्हय? रस्ता लई वाईट हाय सायेब. जपून."
एवढंच. आवाज चढवला नाही. मी भ्यालो. परतताना मागे गाडी दिसली की कडेला घेऊन तिला पुढे जाऊ देत होतो. मागून येणारे सगळे शिव्या देऊन गेले.

१३ नोव्हेंबर
आज कळलं. हिराबाई खाचर बाळूला विकतायत. मिळेल त्या भावात. पौडला २४ तारखेला खरेदीखत. त्यांनीच सांगितलं, पाण्याचा तांब्या पुढे करत.
"सरकारनं घेन्याआदी इकलेलं बरं. माझ्या आज्याचं वावर धरनात गेलं. तवाबी आदी सायेब आलं, मंग नकाशा, मंग पानी."
म्हटलं, हिराबाई, मी साहेब नाही, हा नकाशा सरकारचा नाही. मी निवृत्त माणूस, खेळणी करतो. कुठलीही रेल्वे येत नाही. नातवाची शपथ घेऊ का?
"नगा घिऊ," म्हणाल्या. "तुमची नोकरी जाईल. तुमी चांगलं मानूस हाय म्हनून सांगताय. मी कुनाला न्हाई बोलायची."
मलाच धीर दिला! नवरा गेला, मुलगी दिल्या घरी, त्या खाचरातल्या इंद्रायणी तांदळावर बाईंचं वर्ष निघतं. आणि मी तिथे दोन नंबरचा फलाट टाकून बसलोय. जेवण गेलं नाही.

१४ नोव्हेंबर
नकाशा भिंतीवरून काढला. चूक. नाक्यावर बातमी: सायेबांनी कागद लपवला, म्हणजे काम सुरू होणार.
पुन्हा लावला.

१६ नोव्हेंबर, रवि.
शुभाचा सल्ला: "बोलून पटत नाही तर दाखवा. गाडी चालवा त्यांच्यासमोर."
टेबल अंगणात मांडलं. हिराबाई, किसनराव, शेजारच्या चार बायका. वायर जोडली, गाडी सोडली. फलाटाला लागली, थांबली, सुटली. बायका हसल्या. एकीने विचारलं, तिकीट कितीला. मला वाटलं, जिंकलो. हातभर लांबीच्या गाडीला कोण भिणार?
हिराबाई हसल्या नाहीत. वाकून ओढा बघितला, बांध बघितला, बांधावरचा आंबा बघितला. बोट फिरवत फिरवत फलाटामागे आल्या. तिथे मी स्कूटरींचं पार्किंग केलंय.
"आमचं घर कुटं?"
जागा कमी पडली होती. आंबा ठेवला कारण आंबा छान जमला होता. घर काढताना मनात काहीसुद्धा आलं नाही.
"म्हंजी ठरल्यालंच हाय," म्हणाल्या, आणि पदर खोचून भांडी घासायला गेल्या.

१७ नोव्हेंबर
विनयला फोन केला. पोट धरून हसला. म्हणाला, प्रदर्शनात पाटी लावू, घोटावड्याच्या लोकांना प्रवेश नाही. फोन ठेवून दिला.
शुभा म्हणते पोलिसांत जा. काय सांगू? मी एक रेल्वे काढली, ती लोकांना खरी वाटली, मला अटक करा? आणि बाळूला कळलं तर? काल भूगावात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी त्याची गाडी उभी होती. त्याचीच असं नाही. पांढऱ्या गाड्या पुष्कळ असतात.
करायला गेलो गणपती, झाला मारुती. आणि मारुती आता माझ्याच मानगुटीवर.

१९ नोव्हेंबर
खरं कुणी मानत नाही. मग खोटंच नीट करू.
नवा कागद. रूळ ओढ्याच्या पलीकडे सरकवले. इकडचं खाचर मोकळं. चौकटीत 'सुधारित आराखडा', तारीख, सही. टेबलावरचं पार्किंग खरवडून काढलं, तिथे हिराबाईंचं घर बसवलं. पत्र्याची पडवी, चूल, दाराशी तुळस. फलाटापेक्षा मन लावून केलं.
हिराबाईंना बोलावलं. म्हटलं, बदल झालाय. लाईन तुमच्यातून जात नाही. ही सही.
कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. घराकडे बघत राहिल्या. पडवीला बोट लावून म्हणाल्या, "पत्रा जुना हाय, त्येबी घेतलंय." डोळ्यांना पदर. तिथेच बाळूला फोन लावला, "मला न्हाई इकायचं," आणि बंद केला.
खरं सांगून जे झालं नाही ते एका सहीने. घरी येऊन दोन वेळा भात घेतला. भीती मात्र गेली नाही, नुसती बाजूला सरकून बसलीय.

२१ नोव्हेंबर
बाळू नाक्यावर दिसला. वाटलं, आता काही खरं नाही. त्याने चक्क हात केला. हसला. चहाचं विचारलं.
रागावला असता तर बरं वाटलं असतं.

२३ नोव्हेंबर, रवि.
सकाळी बेल वाजली. किसनराव. इतक्या दूर भूगावपर्यंत, टोपी, धुतलेला सदरा, खांद्यावर तांदळाचं पोतं. पोतं दारात ठेवलं, आत येईनात.
"वहिनीचं वाचलं, लई बरं झालं सायेब. वड्यापल्याडचं माझं हाय."
मला माहीत होतं? गट नंबर मीच लिहिला होता. नाव बघितलं नव्हतं.
बाळू काल त्यांच्याकडे जाऊन आला. तेच बोलणं, तोच भाव. बायको रडतेय, मुलगा म्हणतो देऊन टाका. मी म्हटलं, किसनराव, देवाशपथ सांगतो, कुठलीच लाईन नाही, मी ती मनाने काढली, मनाने सरकवली.
"त्येच तर," ते म्हणाले. हात जोडले. वयाने माझ्याहून मोठे असतील. "तुमी सरकवली न्हवं? मंग आजून वाईच सरकवा. कुटं न्यायची ती तुमी बगा. आमी काय बोलनार न्हाई."
पोतं परत न्या म्हटलं. जिना उतरून गेलेसुद्धा. गॅलरीतून बघितलं तर खाली झाडाखाली आणखी दोघंजण त्यांची वाट बघत उभे. एकाच्या हातात पिशवी. तिघंही वर बघत होते. मी मागे झालो.
शुभा पोत्याकडे बघत म्हणाली, "अहो, आता काय करणार?"
काही करणार नाही म्हटलं. आत आलो, दार लावलं. नकाशा टेबलावर पसरला, आणि किसनरावांच्या बांधाला लागून पुढचा गट कोणाचा ते शोधायला लागलो.