चुंबकाच्या खोलीबाहेर

प्रिय ठमे,

जावईबापूंची पाठ कशी आहे? पिल्लूचा खोकला गेला का? विहीणबाई डोळ्यांत औषध घालतात, की बाटली अजून फळीवरच मिरवतेय? आणि तुझं ते यंत्र बरं आहे ना? त्याला म्हणे कुणी शिंकलेलंही सोसत नाही, म्हणून त्याचीही चौकशी केली. तुझी मात्र करणार नाही. माझा फोन उचलायचा नाही आणि आईकडे "अप्पांना सांग" म्हणून निरोप धाडायचे! नाकाच्या शेंड्यावरचा राग खाली उतरतच नाही बाईसाहेबांचा.

आई म्हणते, चूक तुमचीच. घ्या, घरचीच फितूर! बरं, मान्य. एवढा प्रवास करून तुझी प्रयोगशाळा बघायला आलो आणि यंत्राच्या खोलीच्या दारातून मागे फिरलो. तू सगळ्यांना कौतुकाने सांगत होतीस, "हे माझे अप्पा. लाउडस्पीकर दुरुस्त करतात. चुंबक मला यांनीच दाखवला." आणि मी काय बोललो? "एवढ्याशा चुंबकात काय बघायचंय? माझ्या दुकानात ढिगाने पडलेत." तुझा चेहरा खर्रकन उतरला. मग मी बाहेर बसून बिस्किटं चघळली.

अगं वेडे, मला नसेल का बघायचं? कागदावर लोखंडाचा कीस टाकून, खालून चुंबक फिरवून मी तुला रेघा दाखवायचो, तेव्हा तू डोकं खायचीस: दोन रेघांच्या मधे काय असतं? मला कुठे ठाऊक! "गप जेव" म्हणायचो. आता तू हिऱ्याची सुई फिरवून केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढ्या जागेतलं चुंबकीय क्षेत्र चित्रात उतरवतेस, आणि हा बाप बाहेर बिस्किटं खातो. माझाच मला संताप येतो.

तर ऐक, आणि आरडाओरडा करू नकोस. त्या दारावर पाटी होती: आत मोठा चुंबक आहे, छातीत पेसमेकर असणाऱ्यांनी येऊ नये. मला तो बसवलाय. तू यंत्र जुळवण्यात बुडाली होतीस, तेव्हाच. कळलं असतं तर सगळं टाकून धावत आली असतीस, म्हणून आईचंही तोंड मीच बंद केलं. दारात, तुझ्या साहेबांसमोर, सांगायचा धीर झाला नाही. आता ठणठणीत आहे, जिना चढतो, आईशी भांडतो. पण ते चित्र उमटताना बघितल्याशिवाय चैन पडणार नाही. खोलीबाहेर ते चित्र दिसेल असा एखादा पडदा लावता येईल का, साहेबांना विचार. मी पुन्हा येतो. शिव्या घालायच्या असतील तर सविस्तर घाल, पण उत्तर लगेच टाक.

तुझाच,
अप्पा