साक्षीच्या मापाची सायकल

नवेगाव बांध
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रफुलदादा,

सप्रेम जय भीम. वि. वि. मामा-मामी आणि तू बरे आहात असं धरून लिहितो. पत्र पाहून हसू नको. फोन मी परवा रागात तलावात भिरकावला. साक्षीला पाहायला देवरीचे पाहुणे येऊन गेले, हे मला गावाकडून कळलं, तिच्याकडून नाही. तिने त्यांना तोंडावर नाही म्हटलं होतं, हे कळेपर्यंत फोन बुडाला होता. बाबा म्हणून राहिले की कॉलेज फेकलं, फोन फेकला, आता डोकं तेवढं राहिलं.

साक्षी माझ्या वर्गातली. मी सरांशी भांडून दुसऱ्या वर्षाला बाहेर पडलो, ती टिकली. कॉलेजच्या सायकल संघात आहे. जानेवारीत पुण्याला चिखलातली शर्यत आहे आणि तिच्याकडे घरची जुनी लेडीज सायकल सोडून काही नाही. तू सायकलीच्या दुकानात आहेस. अशा शर्यतीच्या, सायक्लोक्रॉस म्हणतात त्या सायकलींमधली एक चांगली तिच्यासाठी निवड. तिला सांगितलेलं नाही, एकदम समोर उभी करायची आहे. पैसे माझ्या कमाईचे आहेत, काळजी नको. मला इथे बसवत नाही, लवकर लिही.

तुझा आतेभाऊ,
संघदीप


पुणे
११ नोव्हेंबर

चि. संघदीप यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सगळ्या दुकानाने वाचलं. आमच्याकडे या जातीच्या दोन उरल्या आहेत, एक लहान चौकटीची, एक मधल्या चौकटीची. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, टायर दातेरी, चाकाभोवती मोकळी जागा, म्हणजे चिखल अडकत नाही. अडथळा आला की उतरायचं, खांद्यावर घेऊन पळायचं. कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही. आत्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर सायकल अर्धीच पाठवली म्हणून मला बोल लावेल.

रंगाचं सोड, चौकट मापाची हवी. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही पायांच्या मध्ये पुस्तक वर घट्ट धरायचं आणि जमिनीपासून पुस्तकापर्यंत मोजायचं. हे तिचं तिला घेऊ दे. लाजू नकोस, विचार.

तुझा,
प्रफुलदादा


नवेगाव बांध
१८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

जय भीम. वि. वि. माप सोबत आहे, सुतळीच पाकिटात घातली. असलं माप पोरीला कसं विचारू? तिची सायकल वाचनालयापुढे उभी होती, सीटपासून खालच्या पायडलपर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. डोकं लागतं, दादा, नुसतं कॉलेज लागत नाही.

आईला कॅरिअरचं सांगितलं. ती म्हणाली की धानाच्या रोवणीच्या दिवसांत आपण सगळेच सायकल खांद्यावर घेऊन शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून जातो, त्यासाठी पुण्याहून कायले मागवायची? देवरीवाले पुन्हा येणार असं ऐकून राहिलो. सायकल लवकर पाठव.

संघदीप


पुणे
२४ नोव्हेंबर

चि. संघदीप,

आशीर्वाद. सुतळीप्रमाणे लहान चौकट बाजूला ठेवली आहे, पण माझं मन घेत नाही. या मापाची मुलगी तुझ्या कोपराला लागेल. मागे आत्याने फोनवर सांगितलं होतं की ती पोरगी तुझ्या कानाएवढी आहे. विचारल्याशिवाय मी पाठवणार नाही, मग माझ्यावर कितीही चीड.

प्रफुलदादा


नवेगाव बांध
१ डिसेंबर

प्रिय दादा,

जय भीम. वि. वि. चिडलो नाही, घाबरलो. साक्षीला रस्त्यात गाठून सुतळीचं सांगितलं. ती आधी हसली, मग जी भडकली! ती सायकल तिच्या आईची. सुलोचनाबाई ठेंगण्या, सीट त्यांच्या बेताची आणि आता गंजून बसलेली. साक्षी बसली की गुडघे हँडलला लागतात, म्हणून ती सारा रस्ता पायडलवर उभी राहून जाते. दादा, मी दोन वर्षं तिला तशी जाताना पाहतो. मला तो तिचा रुबाब वाटायचा. ती म्हणाली की पाहतोस खूप, विचारत काऊन नाहीस?

काल ती सरळ घरी आली. आईकडे टेप मागितला, दोघींनी आत जाऊन दार लोटलं. बाहेर बाबांनी मला विचारलं की ही पोरगी आपली कोण? मी, गावभर भांडणारा, उठून अंगणातली पानं गोळा करू लागलो. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज. साक्षी बाहेर आली, माझ्या हातावर पेनाने ७८ सेंमी लिहिलं आणि बाबांना म्हणाली की तुम्ही आत्ता विचारलं तेच, मी याची कोण, हे मी याला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा यानं भांडण काढलं. मग म्हणाली की सायकल घेईन, पण उधार, शर्यत झाली की हप्त्याने फेडीन, फुकट नको. आणि उभी राहून पायडल मारत गेली.

मधली पाठव. तिच्या नावाने, तिच्या पत्त्यावर. बाबा अजून उत्तराची वाट पाहून राहिले. पत्र पेटीत टाकून थेट तिच्या घरी जातो. सुलोचनाबाई असोत, देवरीवाले असोत, सगळ्यांसमोर तिलाच लग्नाचं विचारतो. नाही म्हणाली तर फेकायला हातात आता फोनही नाही.

मामा-मामींना जय भीम. माझ्यावरची माया, मी कसाही असलो तरी, आटू देऊ नको.

तुझा,
संघदीप