रस्ता हवाच, पण समोरच्या बाजूने

अण्णा, परवा आपल्या गल्लीत पुन्हा मोजणीवाले आले होते. तीन पायांच्या घोडीवर यंत्र ठेवून, एक डोळा मिटून बघत होते. त्यांच्यामागे सगळी गल्ली गोळा झाली होती आणि प्रत्येकाचं मत तेच होतं, जे तुमच्या वेळी होतं. रस्ता रुंद व्हायलाच हवा, पण समोरच्या बाजूने. मला हसू आवरेना. त्यांच्यातल्या एका साहेबाने फॉर्म पुढे केला आणि म्हणाला, आजी, तुमचं काय म्हणणं आहे ते लिहा. मी म्हटलं, माझं म्हणणं फार जुनं आहे, तुमच्या या एवढ्याशा चौकटीत मावणार नाही. तो गेला, आणि मी तुम्हाला लिहायला बसले.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. कापडबाजाराकडून वेशीकडे जाणारी आपली गल्ली तेव्हा एवढी चिंचोळी होती की दोन टांगे समोरासमोर आले की एकाला घोडा सोडून टांगा हाताने मागे ढकलावा लागे, आणि कुणी ढकलायचा यावरून अर्धा तास जाई. म्युनिसिपालटीने दवंडी पिटली: रस्ता रुंद होणार, ज्याची हरकत असेल त्याने महिन्याच्या आत लेखी द्यावी. तुम्ही मोजणी कारकून. रस्त्याच्या मधोमध खिळे ठोकायचे, तिथून दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा फूट टेप लावायची आणि पंधरा फूट जिथे संपतील तिथे गेरूने तांबडी रेघ ओढायची, हे तुमचं काम. रेघेच्या अलीकडचं सगळं पडणार. लोकांच्या हरकती घेण्याचं कामही साहेबांनी तुमच्याच गळ्यात घातलं. ऑफिसला कोण जातो, म्हणून लोक आपल्या ओट्यावरच येऊन बसायला लागले.

समोरचे भांडीवाले शेटजी पहिले आले. "अण्णासाहेब, प्रगती झालीच पाहिजे. मी तर म्हणतो तीस फूट कशाला, चाळीस करा. फक्त माझी बाजू सोडून." त्यांच्यामागून टांगेवाले मामा. "रस्ता पायजेच. आमच्यासारका रस्त्याचा भुकेला दुसरा कोन हाय? पन माजा तबेला त्या रेघंत येतूय. तबेला गेल्यावर घोडा काय माळ्यावर बांदू?" मग पेन्शनर मास्तर. त्यांनी अकरा पानी हरकत आणली होती. ती निजामशाहीपासून सुरू होत होती आणि आठव्या पानापर्यंत आपल्या गल्लीत पोचतच नव्हती. तुम्ही ती सगळी वाचलीत, पोच दिलीत आणि मास्तर गेल्यावर एकच वाक्य बोललात, "यात त्यांचा संडास जातो एवढंच आहे." शेटजींनी नंतर पेढे पाठवले, मामांनी वांगी पाठवली. दोन्ही तुम्ही परत केलंत. वांगी परत जाताना आई दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती, कारण त्या दिवशी घरात भाजीच नव्हती.

आणि मग आपलं घर आलं. आपलं म्हणजे आईचं, हे ती तुम्हाला कधी विसरू देत नसे. तिच्या आई-वडिलांची तिथे खानावळ होती, म्हणून इतरांच्या घरात मागे असते ती चूल आपल्याकडे पुढे, रस्त्याच्या खिडकीशी. मागे नुसती एक अंधारी खोली, खिडकी ना झरोका. तुम्ही टेप लावलीत, आणि पंधरा फूट कुठे संपले तर बरोबर चुलीच्या मधोमध. दुसरा कुणी असता तर जरा खोकला असता, टेप पुन्हा लावली असती. तुम्ही कुंचला बुडवलात, भिंतीवर रेघ ओढलीत, आणि कुणाला शंका नको म्हणून तीच रेघ खाली जमिनीवरूनही नेलीत. आईने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "झालं समाधान?"

त्या दिवसापासून तिने घराची वाटणी केली. तुम्ही पाणी मागितलंत की ती म्हणे, "माठ रस्त्यात हाय. येनारा-जानारा पितो तसं प्या जावा." पाहुणे आले की, "बसा, रस्त्यातच बसा, संकोच नको." तुमचं ताट ती बरोबर रेघेवर मांडी. भाकरी आपल्यात, कालवण म्युनिसिपालटीत. रोज सकाळी ती शेणाने जमीन सारवी, जमिनीवरची रेघ सारवणाखाली जाई, आणि तुम्ही ऑफिसला निघण्याआधी उकिडवे बसून ती पुन्हा ओढत असा. "सरकारी रांगोळी काढून झाली का?" ती विचारी. एकदा तुम्ही चिडून म्हणालात, "सरकारी खुणेशी खेळ करू नकोस, गुन्हा आहे." ती म्हणाली, "मग मला धरून न्या. तितं तरी चूल असंल." मी तेव्हा अठरा वर्षांची, फायनल पास होऊन शाळेत नोकरी मिळायची वाट बघत घरी बसलेली. मला हे सगळं नाटक बघायला फार मजा येई.

मजा एका दुपारी संपली. मी विहिरीवरून आले तर आई चुलीला नवी माती लावत होती. मी म्हटलं, पाडणारच आहेत, आता कशाला? ती म्हणाली, "पाडतील तवा पाडतील. आज सैपाक तर करायचा हाय ना." आणि तिला खोकल्याची उबळ आली. तिचा दमा तुम्हाला ठाऊकच होता. खिडकीशी बसूनही तिला धुराने रात्र-रात्र जागवलं होतं. त्या अंधाऱ्या खोलीत चूल गेली असती तर ती किती दिवस टिकली असती, हे सांगायला वैद्य नको होता. तिने माती लावणं थांबवलं नाही. मला तुमचा राग आला, अण्णा. फार राग आला.

त्याच संध्याकाळी तिने मला कागद घ्यायला लावला. घर तिच्या नावावर होतं, तेव्हा हरकत तिचीच. मी म्हटलं, अण्णांकडेच द्यायची ना? "ह्यांच्याकडं? मीठ कमी हाय का ते बघत्याल आन् बाजूला सारतील." तिने ती ऑफिसात जाऊन, रांगेत उभं राहून दिली.

सुनावणीला म्युनिसिपालटीचा हॉल भरला होता. मोठे साहेब मध्ये, बाजूला लिहून घेणारा कारकून, आणि एका कोपऱ्यात नकाशांची भेंडोळी घेऊन तुम्ही. आईचा नंबर आला. कारकुनाने नाव विचारलं. तिने आपलं नाव सांगितलं, तेवढंच. "पुढे? नवऱ्याचं नाव?" आई म्हणाली, "लिवा की. समूरच बसल्यात." कारकून म्हणाला, बाई, तुम्ही सांगाल तेच लिहायचा नियम आहे. आईने आजवर तुमचं नाव तोंडातून काढलं नव्हतं आणि एका रस्त्यापायी ती ते काढणार नव्हती. पाच मिनिटं गेली. साहेब घड्याळ बघायला लागले. तुम्ही नकाशात डोकं खुपसलं होतं. शेवटी मागून टांगेवाले मामा ओरडले, "वैनी, उखाना घ्या की!" हॉलमध्ये हशा पिकला. आई हसली नाही. तिने पदर सारखा केला, भिंतीकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"गेरूचा डबा, कुंचल्याची दांडी,
अमुकरावांच्या रेघेनं रस्त्यात आली हंडी."

अमुकराव हा शब्द माझा. तिने पूर्ण नाव घेतलं होतं. तुमचे कान गेरूपेक्षा तांबडे झाले होते. कारकुनाने नावाच्या रकान्यात सगळा उखाणा उतरवून घेतला.

साहेबांनी विचारलं, मोजणी चुकली असं तुम्ही कशावरून म्हणता? आई म्हणाली, "ह्यांनी मोजलंय म्हनून. लग्नात ह्यांनी मोजून आनलेलं लुगडं हातभर तोकडं निघालं हुतं. अजून पेटीत हाय, दाखिवते." साहेबांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "मोजणी बरोबर आहे, साहेब. पण मी तक्रारदाराचा नवरा आहे, तेव्हा माझ्या म्हणण्याला वजन देऊ नये." मी तुम्हाला इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी हुकूम दिला, उद्या जागेवर फेरमोजणी. टेपचं एक टोक मोजणी कारकुनाने धरावं, दुसरं तक्रारदाराच्या घरातल्या माणसाने.

दुसऱ्या दिवशी सगळी वरात गल्लीत आली. आईने चारचौघांत तुमच्याबरोबर टेप ताणायला साफ नकार दिला आणि टेपच्या टोकाची कडी माझ्या हातात दिली. मी रस्त्याच्या मधोमध खिळ्यापाशी बसले. तुम्ही टेप घेऊन घरात गेलात, तुमच्यामागे साहेब, साहेबांमागे शेटजी, मास्तर, मामा, आणि खिडकीला लटकलेली उरलेली गल्ली. तुम्ही टेप ताणलीत, वाचलंत. मग म्हणालात, "पुन्हा." पुन्हा ताणलीत. तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा पंधरा फूट चुलीच्या पुढे, खिडकीच्या जरा आत संपत होते. दीड फुटाचा फरक. चूल वाचली होती.

तुम्ही बाहेर येऊन सगळ्यांसमोर हात जोडलेत. "चूक माझी आहे. दीड फूट जास्त आत गेलो." तेव्हा मास्तरांनी ओट्यावर चढून भाषण केलं. माणसं आपलं घर वाचवायला खोटं मोजतात, पण कुणी पक्षपात म्हणेल या भीतीने ज्याची टेप स्वतःच्याच चुलीत शिरते असा मोजणीदार नगरात दुसरा नाही, असं काहीबाही. शेटजी म्हणाले, असा माणूस माझं वीतभरही फुकट कापणार नाही, घ्या माझी हरकत मागे. मामांनीही घेतली. मास्तरांनी अकरापैकी तीन पानं मागे घेतली. तुमचा एवढा मान गल्लीने आधी कधी केला नव्हता, आणि तुम्ही मान खाली घालून टेप गुंडाळत होतात. संध्याकाळी जेवताना आईने मला दोनदा तूप वाढलं. का, ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

पुढे तो रस्ता झालाच नाही. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांना फाइल सापडेना, आणि दोन पावसाळ्यांत भिंतीवरचा गेरू धुऊन गेला. घरात मात्र दीड फूट राहिला. तुम्ही काही खात्रीने बोललात की आई नुसतं म्हणे, "दीड फूट!" आणि तुम्ही पुन्हा तपासायला उठत असा. पंचांगातली तिथी असो, गाडीची वेळ असो. आम्ही सगळे हसायचो, मी सर्वांत मोठ्याने. तुम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायला लागलात. माझ्या लग्नाचा मांडव तुम्ही तीनदा मोजलात आणि तरी व्याह्यांना विचारलंत, बघा हो, बरोबर आहे ना? ऑफिसात तुम्हाला हळूबाई म्हणायला लागले होते, हे मला फार उशिरा कळलं. शेवटच्या आजारपणात मी पाय चेपत बसले होते तेव्हा तुम्ही अगदी सहज म्हणालात, "नोकरीत एकदाच चुकलो बघ. कसं चुकलो, अजून समजत नाही."

तुम्ही चुकला नव्हता, अण्णा. सगळे आत गेल्यावर मी निऱ्या पसरून खिळा झाकून बसले आणि कडी खिळ्यावर न धरता मागे, शेटजींच्या दुकानाच्या बाजूला दीड फुटावर धरली. तुम्ही तीनदा टेप ताणलीत आणि तिन्ही वेळा मी तिथेच धरली. दीड फूट नीट भरावा म्हणून आदल्या दिवशी मी घरात माझी वीत तुमच्याच टेपवर मोजून ठेवली होती. तुमच्या पायाशी बसले होते त्या दिवशी मला हे सांगता आलं असतं, तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी तुम्हाला ओळखून होते. तुम्ही तसेच भिंतीला धरून उठला असता, गेरू कालवला असता आणि चुलीवर पुन्हा रेघ ओढली असती, रस्ता होणार नव्हता तरीसुद्धा. म्हणून मी नुसते पाय चेपत राहिले.