उसनं नाक आणि दुसरं पीप

तीर्थस्वरूप दादा,

आपल्या एकुलत्या एक मेहुण्याचा वाकून नमस्कार. (सर्दीमुळे वाकलं की नाक गळतं, तेव्हा प्रत्यक्षात मी खुर्चीत ताठ बसलो आहे, भावना घ्यावी.) आपला गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कठड्यावरच भिस्त आहे का? वहिनींना नमस्कार. तुमच्या बहिणीला काही सांगू नका. ती आपल्याकडे आल्याला आज सतरा दिवस झाले आणि मी दिवस मोजत नाही, एवढं मात्र सांगितलंत तरी चालेल.

ती का आली हे तिने सांगितलं असेलच. तरी माझीही बाजू ऐका. बाजू लंगडी आहे, पण माझी आहे.

माझं काम आपल्याला ठाऊक आहे. परदेशी दारू मागवणाऱ्या कंपनीत मी चव तपासतो. (आपण नातेवाइकांत ‘तो प्रयोगशाळेत आहे’ असं सांगता हे कानावर आलं आहे. राग नाही.) लोकांना वाटतं मी दिवसभर पितो. खरं म्हणजे मी दिवसभर हुंगतो, घोटभर तोंडात घोळवतो, बादलीत थुंकतो आणि तक्ता भरतो: रंग, वास, चव, शेवट (म्हणजे घोट गेल्यावर मागे काय रेंगाळतं ते). या धंद्यात जीभ दुय्यम, भांडवल सगळं नाकात. त्याच्या जोरावर ऑफिसात वीस वर्षं मी नाकाने कांदे सोलत आलो. कँटीनचा कप कोणत्या फडक्याने पुसला आहे तेसुद्धा सांगायचो, त्यामुळे माझ्याबरोबर चहाला कुणी बसत नसे.

आणि महिन्यापूर्वी सर्दी होऊन वास गेला. साफ गेला. बाम आणि बूटपॉलिश यांतला फरक कळेना. (कपाळाला काय चोळलं ते आरशात पाहिल्यावर कळलं.) साहेबांना सांगायची हिंमत झाली नाही, आणि नेमकी त्याच आठवड्यात एक अमेरिकन व्हिस्की तपासायला आली. ही व्हिस्की आधी आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिपात वाढते. मग शेवटचे काही महिने तिला लाल वाइनच्या रिकाम्या पिपात मुक्कामाला पाठवतात, म्हणजे तिथला गुण लागतो. थोडक्यात, सासुरवाडी. (मीही तुमच्या घराण्याच्या पिपात चौदा वर्षं आहे. काहीही मुरलं नाही, असं तुमची बहीण म्हणते.) गुण बेताने लागला की वाइनने व्हिस्कीला गिळलं, एवढंच मला सांगायचं होतं. मी नमुन्याची छोटी बाटली घरी आणली आणि तुमच्या बहिणीपुढे ठेवली.

ती थेंबही घेत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तिने चष्मा कपाळावर चढवला (वास घ्यायला चष्मा का काढावा लागतो, देव जाणे), एकदाच हुंगलं आणि भाजी चिरता चिरता सांगत गेली. नवं दप्तर आहे. पेन्सिलीला आत्ताच टोक काढलंय. मनुकांचा डबा कुणीतरी उघडा टाकलाय. लाकूड जळतंय, पण लांब, शेजाऱ्यांकडे. द्राक्षं पाहुण्यांसारखी आहेत, आल्या आल्या घर ताब्यात घेत नाहीत. ‘शेवट’ या रकान्याचं विचारलं तर म्हणाली, कुणीतरी आत्ताच उठून गेलंय, खुर्ची अजून गरम आहे. हे शेवटचं मी खोडलं. असलं काही तक्त्यात बसत नाही.

तक्ता वाचून साहेब खूश. इतके, की व्हिस्कीच्या कारखान्याचे पाहुणे आले तेव्हा त्यांच्यासमोर मी हे तोंडी सांगावं असं ठरलं. मी पाठ केलं. रंग पाहून मत बनू नये म्हणून आमच्याकडे काळे ग्लास वापरतात. त्या दिवशी साधे ग्लास कमी पडले, म्हणून चूळ भरायचं पाणीही काळ्याच ग्लासात ठेवलं होतं. मी एक ग्लास उचलला, डोळे मिटले, नाक आत घातलं आणि सुरू झालो. दप्तर झालं, पेन्सिल झाली, मनुका झाल्या. वर पदरचं एक घातलं, की दुसऱ्या पिपातला मुक्काम अगदी बेताचा झाला आहे, आणखी महिनाभर ठेवली असती तर बिघडली असती. पाहुण्यांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं. मग माझ्या हातातला ग्लास घेऊन त्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि दुसरा ग्लास माझ्यापुढे सरकवला. “आमची ही,” ते म्हणाले. साहेब रुमालात तोंड घालून बाहेर गेले. सर्दी जाईपर्यंत मला लेबलं चिकटवायला बसवण्यात आलं.

अशा दिवशी घरी येऊन माणसाने गप्प बसावं. मी तुमच्या बहिणीला म्हणालो, की तुझ्या दप्तर-पेन्सिलीपायी माझं हसं झालं. तिने सुरी खाली ठेवली. “नाक माझं, नोकरी तुमची, आणि चूक परत माझीच?” एवढंच म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

दादा, चूक माझी होती. चौदा वर्षांत पहिल्यांदाच हे लेखी देतो आहे, तेव्हा कागद जपून ठेवावा. गुडघ्याला जपा, आणि जिन्यात घाई करू नका.

आपला,
वासहीन मेहुणा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. साहेब म्हणतात, ग्लासात पाणी असलं तरी वर्णन व्हिस्कीचंच होतं, आणि तंतोतंत होतं. तर ते ज्या नाकाचं आहे ते खरं नाक शुक्रवारी घेऊन या, असं त्यांनी मला बजावलंय, बारा नमुने आहेत. तेव्हा तिला गुरुवारपर्यंत पाठवावं. काम सर्वस्वी कंपनीचं आहे, माझा काही संबंध नाही.

आणखी ता. क. दादा, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. नमुने आहेत, पण ते मीच तपासणार आहे. सर्दी जाऊन आठ दिवस झाले. साहेबांनी तिला बोलावलेलं नाही, मी बोलावतो आहे. वास परत आला तेव्हा आधी तीच व्हिस्की हुंगली. दप्तर, पेन्सिल, मनुका, सगळं जिथल्या तिथे. मी खोडलेलं ते शेवटचंही होतं. ते तक्त्यात परत लिहिलं. इथली खुर्ची मात्र केव्हाच गार पडली आहे. मला करमत नाही.

यातलं तिला काही सांगू नका. पत्र नुसतं तिच्या चष्म्याजवळ ठेवा.